फेंगशुई शिकायचीय? आधी डोंगर बघा, मग होकायंत्र, आकडे सगळ्यात शेवटी

फेंगशुई शिकायची म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी गिफ्ट शॉप गाठतो. लाफिंग बुद्धा, तीन पायांचा बेडूक, लाल दोऱ्यात ओवलेली नाणी, खिडकीत टांगायला विंड चाइम, आणि दुकानदाराने आग्रह केला तर काचेच्या बाऊलमधलं ते बांबूचं रोप. यातल्या काही वस्तू चिनी लोकश्रद्धेत आहेत, नाही असं नाही, पण जी जुनी फेंगशुई आहे, म्हणजे चीनमध्ये शेकडो वर्षं जागा निवडायला, घरं बांधायला आणि खरं तर त्याहीआधी कबरींच्या जागा ठरवायला वापरली गेली ती, तिच्या हिशोबात या वस्तूंना जवळजवळ काहीच काम नाही. तिथे काम आहे डोंगराला, पाण्याला, होकायंत्राला आणि आकडेमोडीला, आणि तेही याच क्रमाने. नेटवर शिकणारे बहुतेक लोक नेमके उलटे जातात, आधी जन्मसालाचा आकडा काढतात, मग पलंग फिरवतात आणि घराच्या मागे डोंगर आहे की नाला हे बघतच नाहीत.

एक आधीच सांगून टाकतो, पलंग फिरवून पगार वाढतो असं सायन्सने कुठे सिद्ध केलेलं नाही, त्यामुळे ज्याला ते हवंय त्याने इथेच थांबलेलं बरं. पण एका जुन्या संस्कृतीने जागेकडे कसं बघितलं, हवा, उतार, पाणी, ऊन यांचा हिशोब कसा मांडला हे समजून घ्यायचं असेल तर विषय भारी आहे आणि बेसिक्स यायला फार पैसेही लागत नाहीत.

दुसरं म्हणजे वास्तुशास्त्र बाजूला ठेवा. फेकून द्या म्हणत नाही, बाजूला ठेवा. आपल्या डोक्यात ईशान्य म्हणजे देवघर, आग्नेय म्हणजे स्वयंपाकघर, दक्षिणेचा दरवाजा म्हणजे यमाची दिशा हे इतकं घट्ट बसलेलं असतं की फेंगशुई शिकताना ते मध्ये मध्ये येत राहतं. तिकडे उलट आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरा कोरडा वारा येतो आणि ऊन दक्षिणेकडून मिळतं, म्हणून घराची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला हीच तिथली आदर्श मांडणी. बीजिंगमधल्या जुन्या राजवाड्याचं, फॉरबिडन सिटीचं तोंडही दक्षिणेलाच आहे. दोन्ही शास्त्रं एकत्र करून 'वास्तु-फेंगशुई' विकणारे पुष्कळ आहेत, पण तुम्ही शिकताय तोवर तरी एका वेळी एकच धरा, नाहीतर घरात एकही दिशा उरणार नाही. (पुढे याचं उदाहरण येतंच आहे.)

आता सुरुवात डोंगरापासून. या विद्येचा जो सगळ्यात जुना महत्त्वाचा ग्रंथ मानतात, झांगशू, तो गुओ पू (२७६–३२४) याच्या नावावर आहे आणि त्याचा विषय आहे दफन. त्यातली मध्यवर्ती कल्पना अशी की 'ची', म्हणजे जमिनीतून वाहणारा प्राण म्हणा, वाऱ्यावर स्वार झाला की विखुरतो आणि पाण्याच्या काठाशी आला की थांबतो. बाकी सगळं यातूनच निघतं. वारा अडला पाहिजे, पाणी जवळ पाहिजे. हे डोक्यात ठेवलं की निम्मे नियम पाठ करायची गरजच पडत नाही, आपोआप सुचतात. वर्ष-सहा महिने बंद असलेल्या खोलीत 'ची' साचतो, दोन खिडक्या समोरासमोर असल्या की सुटून जातो, टी जंक्शनच्या टोकावरच्या घरावर धावून येतो, अशी सगळी भाषा याच एका कल्पनेची आहे.

मग येतात चार प्राणी. घराच्या पाठीशी काळं कासव, म्हणजे उंच आधार, डोंगर किंवा मोठी इमारत. समोर लाल पक्षी, म्हणजे मोकळी जागा आणि तिच्या पलीकडे लांबवर एखादी ठेंगणी टेकडी. घराकडे पाठ करून, तोंड बाहेर करून उभं राहिलं की डाव्या हाताला हिरवा ड्रॅगन, उजव्या हाताला पांढरा वाघ, दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या रांगा, आणि ड्रॅगनची बाजू वाघापेक्षा थोडी उंच असलेली चांगली. समोरच्या मोकळ्या अंगणाला मिंगतांग म्हणतात, तिथे 'ची' येऊन जमतो. हे सगळं नकाशावर बघायचं असेल तर गुगल अर्थ उघडा आणि बीजिंगपासून साधारण ५० किलोमीटर उत्तरेला मिंग सम्राटांच्या कबरी शोधा. १४०९ मध्ये योंगल सम्राटाच्या काळात तिथे काम सुरू झालं आणि मिंग घराण्याच्या १६ सम्राटांपैकी १३ तिथे आहेत. थ्रीडी व्ह्यू तिरका करा, उत्तरेकडून आलेले डोंगर दोन्ही बाजूंनी कसे वळलेत आणि दक्षिणेला तोंड मोकळं कसं आहे ते सरळ दिसतं. दक्षिणेला आत शिरायच्या वाटेवर एका बाजूची टेकडी ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूची वाघ म्हणून ओळखली जाते. पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा हे अर्धा तास फिरवून बघणं जास्त कामाचं आहे, खरंच सांगतो.

डोंगर नसेल तर? तर तयार करायचा. फॉरबिडन सिटीच्या (बांधकाम १४०६ ते १४२०) मागे जी जिंगशान टेकडी आहे ती नैसर्गिक नाही, खंदक खणताना निघालेल्या मातीची आहे, आणि पुढच्या अंगणातून सोन्याच्या पाण्याची नदी म्हणून एक ओढा वळवून नेलाय. पाठीला कासव, समोर पाणी, सपाट जमिनीवर मुद्दाम उभं केलेलं.

आता तुमच्या बिल्डिंगखाली जा. मोबाईल खिशात ठेवा, होकायंत्र आत्ता नको. गेटबाहेर रस्त्यावर उभं राहून बघा, बिल्डिंगच्या मागे काय आहे, तिच्यापेक्षा उंच काही आहे का, की मागे उताराचा नाला आहे. डाव्या-उजव्या बाजूला काय. समोर मोकळं मैदान की दहा फुटांवर दुसऱ्या टॉवरची भिंत. शहरात इमारतींना डोंगर मानायचं आणि रस्त्यांना पाणी, कारण गाड्या वाहतात, हा आधुनिक सोयीचा नियम आहे आणि हाँगकाँगमध्ये सगळे तोच धरून चालतात. एखाद्या इमारतीचा कोपरा धारेसारखा थेट तुमच्या दरवाजावर येतोय का तेही बघा. त्याला 'शा' म्हणतात, टोकेरी, झटक्याने येणारा 'ची'. हाँगकाँगच्या बँक ऑफ चायना टॉवरबद्दल, जो आय. एम. पेई यांनी डिझाइन केला आणि १९९० मध्ये पूर्ण झाला, हाच गाजलेला वाद होता, लोक म्हणायचे त्याचे कोपरे सुरीसारखे शेजाऱ्यांवर रोखलेत. शेजारच्या एचएसबीसीच्या इमारतीच्या गच्चीवरच्या क्रेन म्हणजे त्याच्यावर रोखलेल्या तोफा आहेत असंही तिथे हौसेने सांगतात. आणि ही नुसती गप्पांची गोष्ट नाही बरं का, २००५ ला उघडलेल्या हाँगकाँग डिस्नेलँडचं मुख्य प्रवेशद्वार फेंगशुईच्या सल्ल्याने १२ अंशांनी फिरवलं गेलं.

निदान पंधरा-वीस इमारतींखाली असं उभं राहून झालं, की मगच थिअरीकडे वळा.

थिअरी म्हणजे यिन-यांग, पाच तत्त्वं, बागुआ (तीन-तीन रेघांची आठ चिन्हं) आणि एक जादूचा चौकोन. यिन-यांग इथे तत्त्वज्ञान म्हणून नको, मोजमाप म्हणून घ्या: अंधारी, शांत, बंद, उंच, न हलणारी बाजू यिन, उजेडाची, आवाजाची, सपाट, हलती बाजू यांग. पाच तत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी, आणि आपल्या पंचमहाभूतांशी त्यांची गल्लत करू नका, यात आकाश नाही, वायूही नाही, उलट लाकूड आणि धातू आहेत. त्यांची दोन चक्रं पाठ पाहिजेत, झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजेत. जन्म देणारं चक्र: लाकूड जळून अग्नी, अग्नीची राख म्हणजे माती, मातीतून धातू, धातूवर पाणी जमतं, पाण्यावर लाकूड वाढतं. आवरणारं चक्र: लाकूड मातीला, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला, धातू लाकडाला. 'उपाय' म्हणून जे सांगतात त्याचं मूळ इथेच आहे, कुठे माती त्रासदायक ठरत असेल तर तिच्यातून निघणारा धातू ठेवून तिचा जोर कमी करायचा. म्हणजे पितळेची कुठलीही जड वस्तू चालते, तिच्यावर बेडूक कोरलेला असायची अट नाही.

चौकोन म्हणजे लुओ शू. वहीत असा काढा, आणि लक्षात ठेवा की चिनी पद्धतीत दक्षिण वर असते:

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

वरची ओळ आग्नेय, दक्षिण, नैऋत्य. मधली पूर्व, मध्य, पश्चिम. खालची ईशान्य, उत्तर, वायव्य. कुठूनही बेरीज करा, १५ येते. प्रत्येक आकड्याला बागुआचं एक चिन्ह आणि एक तत्त्व चिकटलेलं आहे: १ कान, पाणी. २ कुन, माती, आई. ३ झेन आणि ४ शुन, दोन्ही लाकूड. ६ छियान, धातू, वडील. ७ दुई, धातू. ८ गेन, माती. ९ ली, अग्नी. ५ ला चिन्ह नाही, तो मध्ये बसलेला, माती. इथे एक ठाम सांगतो, अमुक कोपरा पैशाचा, तमुक कोपरा लग्नाचा असं दरवाजावरून ठरवायची जी पद्धत तुम्ही रील्समध्ये बघितली असेल ती जुनी नाही, ती अमेरिकेत थॉमस लिन युन यांनी १९८० च्या दशकात लोकप्रिय केलेल्या शाखेची आहे. ज्यांना आवडते त्यांनी करावी, पण तिला क्लासिकल म्हणू नये.

आता होकायंत्र. खऱ्या साधनाला लुओपान म्हणतात, चौकोनी पाटावर फिरणारी गोल थाळी, मध्ये छोटी सुई, थाळीवर वर्तुळांमागे वर्तुळं कोरलेली आणि वरून लाल दोऱ्याची फुली. नवख्या माणसाला त्यातलं एकच वर्तुळ लागतं, चोवीस डोंगरांचं. आठ दिशांचे प्रत्येकी तीन भाग म्हणजे २४, प्रत्येक १५ अंशांचा. उत्तरेचे तीन रेन, झी, ग्वेई, आणि यातला झी तीनशे साडेबावन्न ते साडेसात अंशांपर्यंत. दक्षिणेचे बिंग, वू, डिंग. बाकीचे हळूहळू होतील. वापरायचं असं की पाट भिंतीला समांतर धरायचा, मधल्या सुईच्या तळाशी लाल रेघ असते आणि तिच्या एका टोकाला दोन ठिपके, ते उत्तर, मग थाळी फिरवत राहायची जोवर सुई बरोबर त्या रेघेवर येत नाही, आणि मग दोऱ्याखाली जे अक्षर दिसतं ते वाचायचं.

लुओपान लगेच घ्यायची गरज नाही, साधं ट्रेकिंगचं होकायंत्र चालतं, मोबाईलचंही चालतं पण सेटिंगमध्ये 'ट्रू नॉर्थ' बंद करा, कारण ही पद्धत चुंबकीय उत्तरेवर चालते. (हे दोन्ही उत्तर वेगळे असतात हे चीनमध्ये शेन कुओ या विद्वानाने १०८८ च्या सुमारासच लिहून ठेवलंय. आपल्या महाराष्ट्रात हा फरक एका अंशाच्या आतच आहे, त्यामुळे फार डोकं खायला नको.) खरा त्रास लोखंडाचा. लिफ्टजवळ, गोदरेजच्या कपाटाजवळ, पार्किंगमधल्या बाईकशेजारी, स्लॅबमधल्या सळयांवर उभं राहून घेतलेलं रीडिंग वीस-वीस अंशांनी हलतं. बाहेर पडा, भिंतीपासून काही पावलं लांब, तीन ठिकाणी घ्या. तिन्ही जुळली तर ठीक, नाहीतर परत. आणि रीडिंग दोन भागांच्या अगदी सीमेवर पडत असेल तर त्याला 'खोंगवांग' म्हणजे पोकळ रेषा म्हणतात, तिथे नवख्याने तक्ता मांडायच्या भानगडीत पडू नये.

पण रीडिंग कशाचं घ्यायचं? लोक फ्लॅटच्या दारात उभे राहतात. जुन्या पद्धतीत तोंड म्हणजे दार नव्हे, तोंड म्हणजे यांग बाजू, जिथे उजेड आहे, वर्दळ आहे, मोकळं आहे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचं दार अंधाऱ्या पॅसेजमध्ये लिफ्टसमोर उघडतं आणि बाल्कनी रस्त्यावर असते, मग तोंड कुठलं? बहुतेक जाणकार आधी अख्ख्या बिल्डिंगचं तोंड धरतात, म्हणजे मेन गेट, रस्ता, दर्शनी काचा वगैरे बघून. यावर फेंगशुईच्या शाखांमध्ये आपापसात जोरदार भांडणं आहेत, आणि चांगला शिक्षक ओळखायचा तर हाच प्रश्न टाकून बघायचा: माझ्या बिल्डिंगचं तोंड तुम्ही कसं ठरवाल? घर न बघता, नुसत्या फ्लोअर प्लॅनवर उत्तर देणाऱ्याकडे फी भरू नका.

आता आकडे. सोपी पद्धत बा झाय, म्हणजे आठ महाल. जन्मसालाचे आकडे मिळवत एक अंकी करा, पुरुष असेल तर ११ मधून वजा, बाई असेल तर ४ मिळवा, परत एक अंकी करा. ५ आला तर पुरुषासाठी २ आणि बाईसाठी ८ धरा. गोम एकच की चिनी सौर वर्ष साधारण ४ फेब्रुवारीला सुरू होतं. समजा एखादा माणूस १५ जानेवारी १९८५ चा आहे, तर त्याचं साल १९८४ धरायचं: १+९+८+४ म्हणजे २२, म्हणजे ४, ११ वजा ४ म्हणजे ७. १, ३, ४, ९ हे पूर्व गट, २, ६, ७, ८ पश्चिम गट, तर आपला हा माणूस पश्चिम गटाचा. त्याच्या चार चांगल्या दिशा वायव्य, नैऋत्य, ईशान्य आणि पश्चिम, त्यात वायव्य सगळ्यात वरची, तिला शेंग ची म्हणतात. वाईट चार म्हणजे उत्तर, दक्षिण, आग्नेय, पूर्व, आणि पूर्व सगळ्यात वाईट.

आता बघा, वास्तूवाले या माणसाला सांगणार दक्षिणेकडे डोकं करून झोप, आणि या हिशोबात दक्षिण त्याची 'पाच भुतां'ची दिशा. दोन्ही ऐकलं तर बिचारा हॉलमध्ये सोफ्यावर झोपेल. आणि बायको पूर्व गटाची निघाली तर पलंग कुणाचा ऐकणार हा प्रश्न वेगळाच, त्यावर माझं म्हणणं असं की ज्याची झोप खराब आहे त्याचं ऐका. घरालाही असाच आकडा असतो, पण तो घराच्या पाठीवरून, म्हणजे पाठ उत्तरेला असली तर ते कान घर, पूर्व गटाचं. बा झाय सोपी आहे म्हणून लोकप्रिय आहे, पण ती एकटी फार जाडीभरडी पडते, एका वर्षात जन्मलेल्या सगळ्या पुरुषांना एकच दिशा, त्यामुळे हिच्यावर भिंती पाडू नका.

बारीक पद्धत म्हणजे उडते तारे (तारे म्हणजे १ ते ९ आकडे), श्वान कोंग फेई शिंग, आणि खरी मजा इथे आहे. यात काळ मोजतात, २० वर्षांचा एक काळ, असे नऊ, म्हणजे १८० वर्षांचं चक्र. २००४ ते २०२३ आठवा काळ होता, २०२४ ते २०४३ नववा चालू आहे. घराचा जन्मकाळ आणि तोंडाचा अंश मिळून घराचा तक्ता बनतो, त्यात मूळ तारा, डोंगर तारा आणि पाणी तारा असे तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत तीन आकडे येतात. डोंगर तारा माणसांचा आणि तब्येतीचा, पाणी तारा पैशाचा. ते पुढे उडतात की मागे हे चोवीस डोंगरांच्या यिन-यांगवरून ठरतं आणि तिथे सगळे गडबडतात, म्हणून आधी नुसती उडायची वाट हातात बसवा.

वाट अशी: मध्य, वायव्य, पश्चिम, ईशान्य, दक्षिण, उत्तर, नैऋत्य, पूर्व, आग्नेय. मध्ये जो आकडा ठेवाल त्याच्या पुढचा पुढचा त्या वाटेने मांडत जायचं, ९ नंतर परत १. मध्ये ५ ठेवून बघा, वरचाच लुओ शू चौकोन तयार होतो, म्हणजे वाट बरोबर आली. प्रॅक्टिसला वर्षाचे तारे घ्या. २०२६ ला मध्ये १ बसतो, मग वायव्येला २, पश्चिमेला ३, ईशान्येला ४, दक्षिणेला ५, उत्तरेला ६, नैऋत्येला ७, पूर्वेला ८, आग्नेयेला ९. यातला ५ म्हणजे पिवळा पाच, सगळ्यात त्रासदायक, त्यामुळे २०२६ मध्ये दक्षिणेच्या भिंतीला ड्रिल मारणं, टाइल्स फोडणं टाळा असं ही पद्धत सांगते. वायव्येचा २ आजारपणाचा मानतात. दोन्ही मातीचे, म्हणून तिथे धातू.

दर वर्षी मधला आकडा एकाने कमी होतो, २०२५ ला २ होता, २०२६ ला १, आणि २०२७ ला फिरून ९. २०२७ चा तक्ता आता वहीत स्वतः मांडा, ४ दक्षिणेला आणि ५ उत्तरेला आला तर जमलं. नवव्या काळाचा मूळ तक्ताही तोच आहे, त्यामुळे तो पुसू नका, पुढे डोंगर आणि पाण्याचे तारे मांडायला त्यावरच सुरुवात करायचीय.